परसातली कस्तुरी

1972 साली संसदेने केलेल्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे चाळिसावे कलम पुष्कळ वकिलांच्या नजरेखालून जन्मात एकदाही जात नसेल. अधिनियम अमलात आल्यापासून तीस दिवसांच्या आत नागरिकाने आपल्याजवळील कोणत्या वस्तू सरकारदरबारी जाहीर कराव्यात, हे त्यात सांगितले आहे. प्राण्यांची कातडी आणि गेंड्याचे शिंग यांच्या पंक्तीला तेथे एका सुगंधी द्रव्याचा नावानिशी उल्लेख आहे. ते द्रव्य म्हणजे कस्तुरीमृगाची कस्तुरी. पुढे 2003 साली नियम करून अशा वस्तू जाहीर करण्यास आणखी 180 दिवसांची मुदत देण्यात आली. तीही केव्हाच संपली. कस्तुरीमृग हा पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्याने त्याची शिकार हा गुन्हा आहे, आणि 1986 च्या दुरुस्तीनंतर त्याच्या अवयवांचा व्यापार हाही गुन्हा आहे.

आता हे कलम आपल्या देवघरापर्यंत कसे येऊन पोचते ते पाहा. देवाला गंध लावताना सहाणेवर चंदन उगाळतात, त्यात केशराच्या दोन काड्या घालतात, आणि सणावारी 'कस्तुरी' म्हणून बाजारातून आणलेल्या पुडीतली चिमूटही टाकतात. ती पुडी खरी असेल तर गुन्हा आणि खोटी असेल तर फसवणूक. तिसरा पर्याय विक्रेत्यापाशी नाही. परसात मात्र आहे, आणि त्या पर्यायाचा इतिहास पुडीतल्या मालाहून अधिक प्रतिष्ठित आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

कस्तुरी ही दक्षिणेची वस्तू कधीच नव्हती. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात कस्तुरीचे तीन प्रकार सांगितले आहेत: कामरूपाची काळी, नेपाळची निळसर आणि काश्मीरची पिंगट. तिन्ही हिमालयाच्या अंगाखांद्यावरच्या. तेथून ती दख्खनेत यावयाची ती अनेकांच्या हातांतून आणि प्रत्येक हाती थोडी थोडी भेसळ होऊन. पंधराव्या शतकात, साधारण 1469 ते 1472 या काळात, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी बहमनी राज्यात हिंडत होता आणि त्याचा बराच मुक्काम बिदरला होता. त्याच्या टिपणांत कस्तुरी हरणाच्या बेंबीत निपजते, पाळलेल्या हरणांच्या बेंब्या कापून घेतात आणि रानटी हरणे त्या रानात टाकून जातात, अशी ऐकीव माहिती आली आहे. अर्धी खरी, अर्धी बाजारगप्प. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने पाटण्यास एका फेरीत 7673 कस्तुरीकोश विकत घेतल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे. कस्तुरी केवळ नराच्या ठायी असते आणि एका नरापाशी एकच कोश असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ उघड होतो. एका व्यापाऱ्याच्या एका खेपेसाठी साडेसात हजारांवर जनावरे मारली गेली होती. कोशात रक्त व इतर पदार्थ भरून वजन वाढविण्याच्या युक्त्याही त्यानेच वर्णिल्या आहेत.

येथे एक शब्दही पाहण्याजोगा आहे. फारसीतला 'मुश्क' आणि त्यावरून युरोपीय भाषांत गेलेला त्याच अर्थाचा शब्द, या दोहोंचे मूळ भाषाशास्त्रज्ञ संस्कृत 'मुष्क' म्हणजे अंडकोश या शब्दापर्यंत नेऊन पोचवितात. कोशाच्या आकारावरून ते नाव पडले असावे. म्हणजे माल उत्तरेस हिमालयात, नाव संस्कृतातून इराणात आणि गिऱ्हाईक जगभर.

या कस्तुरीच्या शेजारीच शास्त्रकारांनी दुसरी एक कस्तुरी मांडून ठेवली आहे. भावप्रकाशाच्या कर्पूरादिवर्गात मृगाच्या कस्तुरीनंतर लागलीच लताकस्तुरी येते आणि तिच्यानंतर गंधमार्जाराचे द्रव्य. दोन प्राणिज सुगंधांच्या मध्ये ही एक वनस्पती बसविलेली आहे, आणि ती 'कस्तुरी न मिळाल्यास घ्यावी' म्हणून नव्हे, तर स्वतःच्या नावाने व स्वतःच्या गुणांनी: कडवट, मधुर, शीत, लघु, डोळ्यांना हितकर, मुखरोग व तृष्णा घालविणारी. त्याच्याही पुष्कळ आधी सुश्रुताने सूत्रस्थानाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात कापराच्या जोडीने तिचा उल्लेख केला आहे.

नाव 'लता' असले तरी ती वेल नाही. ती आपल्या भेंडीच्या कुळातली, पुरुषभर उंचीपर्यंत वाढणारी, लव असलेली झुडूपवजा वनस्पती आहे. फूल पिवळे आणि त्याच्या तळाशी गडद तांबडा ठिपका. बोंड भेंडीपेक्षा आखूड व फुगीर, आणि त्यात मूत्रपिंडाच्या आकाराचे, बारीक रेघांचे, करड्या-तपकिरी रंगाचे बी. मराठीत तिला कस्तुरभेंडी म्हणतात, कानडीत कस्तूरी बेंडे, आणि तेलुगूतही शब्द जवळजवळ तोच. अत्तरवाले बियांना मुश्कदाना म्हणतात. अरबी 'हब्ब-अल-मिस्क' म्हणजे कस्तुरीचा दाणा. लिनियसने 1753 मध्ये तिला लॅटिन नाव देताना हाच अरबी शब्द मोडूनतोडून वापरला, आणि आजही तिचे शास्त्रीय नाव 'अबेल्मोस्कस मोस्कॅटस' असे आहे. अरब लोक हे बी कॉफीत घालीत आणि मिसर देशात मुखशुद्धीसाठी चघळीत, असे वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतून नमूद आहे. आपल्याकडे ते सुगंधी तंबाखूत पडले. लोकरीच्या कपड्यांत कसर लागू नये म्हणून ते पेटीत टाकण्याची चालही होती.

बिदर तालुक्यातील आमच्या कमठाण्यासारख्या गावात एकाच माणसाच्या तोंडी मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषा सहज येतात, आणि या झाडाची तिन्ही नावेही. 1956 च्या नोव्हेंबरात हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखाची भाषावार वाटणी झाली तेव्हा बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला आणि बिदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहिले. जमिनीवर रेघ पडली. झाडाचे नाव तीन बाजूंना तेच राहिले. आमचे पठार जांभ्या दगडाचे आहे, हे कोकणातील वाचकांना सांगितले म्हणजे त्यांना मुलूख परका वाटणार नाही.

परंतु झाडापेक्षाही या मुलखाचे वैशिष्ट्य आहे ते येथे सुगंधाविषयी झालेले लेखन. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तेथील जयसिंह दुसरा याच्या राज्यकाळी, 1025 च्या सुमारास, चावुंडरायाने 'लोकोपकार' हा ग्रंथ कानडीत लिहिला. ज्योतिष, घरबांधणी, विहिरीच्या पाण्याचा शोध, झाडांची निगा, स्वयंपाक आणि गुरांचे रोग, इतक्या विषयांच्या रांगेत सुगंधी द्रव्ये तयार करण्याची विद्याही त्याने घातली आहे. या रांगेवरूनच कळते की गंधविद्या ही राजवाड्याची मिरास समजली जात नव्हती. विहीर, चूल आणि गोठा यांच्याबरोबर जी येते ती संसाराची विद्या.

त्यानंतर एका शतकाने, 1130 च्या सुमारास, त्याच गादीवरील सोमेश्वर तिसरा याने संस्कृतात 'मानसोल्लास' रचला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असा तो शंभर अध्यायांचा ग्रंथ आहे. तिसऱ्या विंशतीत राजाच्या उपभोगांचे वर्णन असून स्नान, तांबूल, विलेपन आणि धूप यांना तेथे स्वतंत्र स्थान आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो 1925 पासून तीन भागांत संपादून प्रसिद्ध केला. गोव्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करतो: याच सोमेश्वराची बहीण मैलळदेवी गोव्याच्या कदंब घराण्यातील दुसऱ्या जयकेशीला दिलेली होती. कल्याणच्या राजकन्येबरोबर तिच्या माहेरची उटणी गोव्यास गेली नसतील, असे कोणी शपथेवर सांगितले तरी मी त्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय राहणार नाही.

पुढे बहमनी आले, बरीदशाही आली, आणि 1619 मध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने बिदर आपल्या राज्यास जोडले. संगीताच्या वेडापायी जगद्गुरू म्हणविल्या गेलेल्या या सुलतानासाठी 'इत्र-ए-नवरसशाही' नावाचा फारसी ग्रंथ लिहिला गेला, तो सबंध सुगंधांवरच. राज्यकर्त्यांचा धर्म बदलला, लिपी बदलली. अत्तराची आवड बदलली नाही.

आता या मालिकेतला जो दुवा मराठी वाचकाला सर्वांत जवळचा, त्याकडे वळू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांना संस्थेच्या रड्डी संग्रहात (नाव रड्डी आहे, रद्दी नव्हे) एक हस्तलिखित सापडले. त्यात गंगाधर नावाच्या पंडिताचा 'गंधसार' आणि कर्त्याचे नाव न सांगणारा 'गंधवाद', असे सुगंधविद्येवरचे दोन ग्रंथ होते. 'गंधवादा'वर टीका होती, ती मराठीत. गोड्यांनी 1940 नंतरच्या दशकात या ग्रंथांवर लेख लिहून ते विद्वानांच्या नजरेस आणले. संपूर्ण ग्रंथ मात्र छापून निघण्यास 1989 साल उजाडावे लागले. ते काम बडोद्याच्या व्यासांनी केले.

कोर्टात कागद पुढे आला म्हणजे आम्ही आधी विचारतो: हा कोणासाठी लिहिला? संस्कृत ग्रंथावर संस्कृत टीका असेल तर ती पंडितासाठी. मराठी टीका ज्याला हवी होती तो माणूस पाठशाळेत बसणारा नव्हता. त्याच्यापुढे खल होता, तराजू होता, उकळते तेल होते. तो गंधी असेल, पसारी असेल, देवळाचा पुजारी असेल, किंवा चार माणसांच्या घरातला हौशी कर्ताही असेल. संस्कृतातील द्रव्यांची नावे त्याला बाजारातल्या शब्दांत हवी होती. इतक्या व्यावहारिक गरजेतून मराठीत उतरलेले शास्त्र आपण शे-दीडशे वर्षांत साफ विसरावे आणि गंध बाटलीतून विकत आणावे, हे मला खेदाचे वाटते.

'गंधसारा'त सुगंध तयार करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्णाला सुगंधी द्रवाची पुटे देणे हे भावन. शिजविणे हे पाचन. दबलेला वास जागा करणे हा बोध. तीव्र द्रव्याचा अंश घालून सगळ्या मिश्रणात त्याला शिरकाव करू देणे हा वेध. धूर देणे हे धूपन, आणि फुलांच्या सहवासाने वास लावणे हे वासन. जो कोणी घरी तिळाच्या तेलात मोगरा मुरवितो तो नकळत वासन करीत असतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराने तर 'बृहत्संहिते'त सोळा द्रव्यांतून चार चार निवडली तर 1820 प्रकार होतात, असा हिशेब करून ठेवला आहे. शंका असेल त्याने मांडून पाहावा. तो बरोबर आहे.

कस्तुरभेंडीचे तेल ही या सहांपैकी वेधाची वस्तू. ते आमच्याकडे कसे करीत ते आता सविस्तर सांगतो, कारण यात चूक होते ती एकाच ठिकाणी. बी पेरावे मृगाच्या पावसावर. (कस्तुरी मृगाचीच, पण नक्षत्राच्या.) दिवाळीनंतर बोंडे काळपट पडून तडकू लागतात, तेव्हा ती सकाळी, दव असतानाच खुडावी, नाहीतर बी मातीत जाते. बोंडावरची लव बोटांना चावते, म्हणून हाताला फडके गुंडाळावे. बी सावलीत वाळवून डब्यात ठेवावे आणि निदान दोन-तीन महिने त्याकडे पाहूही नये. ताज्या बियांचा वास कच्चा असतो, साठवणीने तो गोलाई धरतो.

मग चूक होते ती येथे. उतावीळ माणूस बी खलात घालून त्याचे पीठ करतो. कस्तुरीचा वास राहतो तो बियांच्या सालीत. आतल्या गरात नुसते जड तेल, त्याला सुगंध नाही आणि काही दिवसांनी ते खवट होते. पीठ केले की दोन्ही एकत्र होतात आणि महिन्याभरात अत्तराला शिळ्या तेलाचा वास येतो. म्हणून बी कुटावयाचे नाही, अखंडच ठेवून दोन तळव्यांत किंवा खरखरीत फडक्यात नुसते साल दुखावेल इतके रगडावयाचे. असे बी चिनी मातीच्या बरणीत घालून त्यावर ते बुडेल इतके ताजे, धुतलेल्या तिळाचे तेल ओतावे आणि तोंड बांधून पंधरा-वीस दिवस उन्हात ठेवावे. चुलीवर तापविण्याची घाई करू नये. नंतर तेल तलम कापडातून गाळून त्यात पुन्हा नवे बी घालावे. असे तीन वेळा केले म्हणजे तेल बोलू लागते. त्याचा वास पहिल्या हुंगण्यात कळत नाही. मनगटाला लावून घटकाभर थांबले म्हणजे अंगाच्या उबेने तो वर येतो: कस्तुरीसारखा मंद, त्यात किंचित पिकल्या फळाची गोडी. चंदन, वाळा किंवा गुलाब यांच्यात दोन थेंब घातले तर त्यांचा वास लवकर उडत नाही. हा धरून ठेवण्याचा गुणच त्याचे खरे मोल आहे.

तेलाऐवजी मद्यार्कात बी मुरविले तर अर्क लवकर उतरतो आणि खवटपणाचे भय कमी असते, ही गोष्ट खरी. पश्चिमेकडील गंधकार तसेच करतात. पण शुद्ध मद्यार्क घरात बाळगणे राज्याच्या अबकारी कायद्याखाली येते आणि त्याला परवाना लागतो. मद्यार्कयुक्त प्रसाधनांवर 1955 चा एक स्वतंत्र केंद्रीय कायदाही होता, तो वस्तू व सेवा कर आला तेव्हा 2017 मध्ये रद्द झाला. रद्द झाला तो कर, परवाना नव्हे. शिवाय मद्यार्काचे अत्तर देवाला न चालणारी देवस्थाने पुष्कळ आहेत. घरगुती कामाला तेल बरे.

या बियांत आणि हरणाच्या कोशात खरेच काही साम्य आहे काय, की नाकाची फसवणूक आहे? हा प्रश्न विसाव्या शतकात युरोपातील प्रयोगशाळांनी सोडविला. कस्तुरीतील मुख्य गंधद्रव्य मस्कोन. त्याची घटना स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या रुझिच्का यांनी 1926 मध्ये उलगडली. त्याचा रेणू पंधरा कार्बनांच्या कड्याचा आहे. एवढे मोठे कडे टिकूच शकत नाही, अशी तोवर रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती. दुसऱ्याच वर्षी केर्शबाउम यांनी कस्तुरभेंडीच्या बियांतील गंधद्रव्य शोधले, आणि तेही असेच मोठे कडे निघाले: सोळा कार्बन आणि एक ऑक्सिजन. पदार्थ दोन, पण ठेवण एक. रुझिच्कांना 1939 चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुश्रुतापासून भावमिश्रापर्यंत ज्यांनी या दोघींना एकच आडनाव दिले त्यांच्यापाशी फक्त नाक होते.

याच नावाचा एक सापळा मात्र बाजारात होता, तो सांगितला पाहिजे. या बियांच्या फ्रेंच नावावरून 'मस्क अँब्रेट' म्हणून ओळखले जाणारे एक कृत्रिम रसायन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साबणांत व अत्तरांत सर्रास वापरले जाई. त्याचा बियांशी नावापलीकडे संबंध नाही. त्याने उन्हात त्वचेवर चट्टे उठतात आणि मज्जातंतूंना अपाय होतो असे आढळून आल्यावर युरोपीय संघाने 1995 मध्ये प्रसाधनांत त्याला बंदी केली. कपाळी लावावयाच्या गंधात काय आहे हे विचारण्याचा हक्क भक्ताला आहेच.

राहिला प्रश्न शास्त्राचा. 'देवाला कस्तुरीच हवी, भेंडीचे बी कसे चालेल?' असे विचारणारे सद्गृहस्थ देवळांच्या सभांतून भेटतात, आणि त्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायातील तिसऱ्या पादात जैमिनींनी प्रतिनिधीचा विचार केला आहे. व्रीही न मिळाल्यास नीवार, सोम न मिळाल्यास पूतिका. द्रव्याला सदृश द्रव्य प्रतिनिधी म्हणून घेता येते. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही. आणि जे द्रव्य निषिद्धच आहे ते कितीही सदृश असले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. लताकस्तुरी या कसोटीला निश्चित उतरते.

पण माझ्या मते येथे प्रतिनिधीचा मुद्दा उपस्थितच होत नाही. प्रतिनिधी लागतो तो मूळ द्रव्य विहित असेल तेव्हा. 'शारदातिलका'त शक्ती, विष्णू आणि शिव यांची तीन निरनिराळी गंधाष्टके दिली आहेत. चंदन, अगरू आणि केशर तिन्हींत आहेत. कापूर शक्तीच्या व शिवाच्या यादीत, जटामांसी शक्तीच्या व विष्णूच्या. तिन्ही याद्या मिळून चोवीस नोंदी होतात आणि त्यांत मृगाची कस्तुरी एकदाही नाही. ती आहे अमरकोशातील यक्षकर्दमात, कापूर, अगरू व कंकोळ यांच्या सोबतीला. पण ते विलेपनाचे नाव आहे, पूजेचा विधी नव्हे. कस्तुरी घालणाऱ्या इतर याद्या व परंपरा आहेत, त्या मी नाकारीत नाही. तेथे प्रतिनिधीचा न्याय लावावा. जेथे शारदातिलकाचे गंधाष्टक चालते तेथे सुगंध अधिक काळ टिकावा म्हणून दोन थेंब लताकस्तुरीचे तेल घालण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण मला दिसत नाही. फक्त पूजेत द्रव्याचे नाव उच्चारावयाचे झाल्यास ते 'लताकस्तुरी' असेच उच्चारावे. तिला स्वतःचे नाव सुश्रुताच्या काळापासून आहे.